चित्रगुप्त नसलेली नगरी

मोटारी पळविणे, पोलिसांना हुलकावण्या देणे आणि आड येईल त्याला तुडवीत पुढे जाणे, हा ज्याचा विषय, असा एक संगणकावरील खेळ सुमारे दोन तपे आपल्या तरुणांच्या मनावर राज्य करीत आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हे त्याचे नाव. आमच्या मच्छे गावी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे असल्यामुळे संगणक जाणणाऱ्या मुलांचा येथे तोटा नाही. देवळाच्या सभामंडपात या खेळाचा विषय निघाला, की वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात आणि मुले गालांतल्या गालांत हसतात. दोघांनीही खेळाची खरी परीक्षा केलेली नाही, असे आम्हांस वाटते.

या खेळाचा पहिला भाग 1997 साली स्कॉटलंडमधील डंडी या गावच्या कारागिरांनी तयार केला. 2001 सालच्या तिसऱ्या भागात नगरी त्रिमितीत उभी राहिली. 2002 साली ‘व्हाइस सिटी’ आली. आपल्याकडील मुलांना सायबर कॅफेच्या अंधाऱ्या खोल्यांतून या खेळाची गोडी लागली ती मुख्यत्वे याच भागाने. 2013 साली निघालेल्या पाचव्या भागाने तर अवघ्या तीन दिवसांत शंभर कोटी डॉलरांची विक्री केली. एवढा मोठा लोकाश्रय केवळ दुष्टपणाच्या बळावर मिळतो, असे मानणे म्हणजे मनुष्यस्वभावाची अवहेलना होय.

मग या खेळात आहे तरी काय? आहे ती मोकळीक. ‘व्हाइस सिटी’ ही मायामीच्या धर्तीवर रचलेली, 1986 सालातील समुद्रकाठची नगरी. नेमून दिलेली कामगिरी पार पाडा अथवा पाडू नका. नगरी तुमची वाट पाहत थांबते. मनात आले तर टॅक्सी चालवून उतारूंना घरी पोहोचवावे, रुग्णवाहिका हाकून जखमींना इस्पितळात न्यावे. काहीच करावयाचे नसेल, तर रेडिओवरील गाणी ऐकत सूर्यास्ताच्या प्रकाशात किनाऱ्याने नुसते फिरावे. इंधन संपत नाही, लाल दिवा ओलांडला तरी कोणी शिट्टी वाजवीत नाही. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकी काढण्यासाठी ज्या मुलाला वडिलांकडे किल्ली मागावी लागते, त्याच्या हाती येथे सारे शहर येते. कित्येक मुले गुन्ह्यापेक्षा या भटकंतीतच अधिक रमतात. तेव्हा या खेळाचे पहिले आकर्षण गुन्हा नव्हे, रस्ता आहे.

हिंसा दाखविली म्हणून एखादी कृती त्याज्य ठरते, हा आक्षेपही आम्हांस टिकणारा वाटत नाही. लहान मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला. लहानांना सांगितल्या जाणाऱ्या ग्रिमबंधूंच्या परीकथाही रक्तपातापासून मुक्त नाहीत, असे न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्या निकालात दाखवून दिले. आपण तरी निराळे काय करतो? कीचकवध आणि दुःशासनाचे रक्त ऐकतच आपल्या पिढ्या कीर्तनाच्या मांडीवर वाढल्या.

आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो वकिलाच्या नजरेने घेतलेला आहे. या नगरीत पोलीस आहेत, पण न्यायालय नाही. गुन्हा घडताच पडद्याच्या कोपऱ्यात तारे उमटतात. एका ताऱ्याला शिपाई धावतो, सहा ताऱ्यांना रणगाड्यांसह लष्कर येते. परंतु रंगाऱ्याच्या दुकानात गाडी घालून तिचा रंग बदलला, की सारे तारे मावळतात. पकडले गेलेच, तर शस्त्रे आणि थोडे पैसे गमावून खेळाडू ठाण्याच्या पायरीवर पुन्हा मोकळा उभा असतो. कायदा येथे वळिवाच्या पावसासारखा आहे. आडोसा गाठावा, सर ओसरली की चालू लागावे!

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. संगणकाची स्मृती मर्यादित असल्याने खेळाडूच्या भोवतालची माणसे तेवढी घडविली जातात आणि तो दूर गेला की पुसली जातात. चाकाखाली आलेला पादचारी पुढच्या फेरीत त्या जागी नसतो. त्याच्यासाठी रडणारेही कोणी नसते. आमच्या न्यायालयांत मोटार अपघाताचा दावा उभा राहतो तेव्हा पहिले प्रश्न असतात ते मृताचे वय काय, मिळकत किती, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे किती, हेच. 2009 साली सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे गणित याच प्रश्नांवर बसविले. हे गणित रुक्ष खरे, पण त्यामागे एक विधवा आणि दोन मुले बाकावर बसलेली असतात. खेळात तो बाकच नाही.

आणि तरीही खेळ हिशेब ठेवतो, हे नवल! किती माणसे मारली, किती गाड्या नष्ट केल्या, याचे आकडे त्याच्या नोंदीत पाहावयास मिळतात. आमच्या श्रोत्यांना येथे वाल्या कोळ्याचे रांजण आठवल्यावाचून राहणार नाहीत. तोही प्रत्येक हत्येमागे एक खडा टाकीत असे. मात्र एके दिवशी नारदाने त्याला विचारले, की या पापाचा वाटा घरचे कोणी उचलील काय? त्या एका प्रश्नाने खड्यांचे ओझे झाले. खेळात खडे आहेत, रांजण आहेत. नारद तेवढा नाही. आकडा येथे पराक्रम म्हणून मिरवतो, कारण प्रश्न विचारणारा कोणी नाही.

म्हणून मुलांच्या हातून हा खेळ हिसकावून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. युरोपात तो अठरा वर्षांखालील मुलांसाठी नव्हे असे वेष्टनावरच छापलेले असते, आणि ती मर्यादा घरोघरी पाळली जावी, हे उघडच आहे. परंतु वयात आलेल्या मुलाजवळ वडीलधाऱ्यांनी घटकाभर बसून ती नगरी पाहावी, तिच्या रस्त्यांचे कौतुक करावे आणि मग सहज विचारावे, ‘बाळ, हा जो गाडीखाली आला, तो कोण होता रे?’ खेळ रचणाऱ्यांनी जी जागा रिकामी सोडली आहे, ती भरण्याचे काम घरचेच आहे. बंदीने ते होणार नाही, प्रश्नाने होईल.