तळे कोणी राखायचे?

अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे हिंदी पुस्तक १९९३ साली दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने काढले. लेखकाने त्यावर स्वामित्वहक्क ठेवला नाही. ज्याला हवे त्याने छापावे, हव्या त्या भाषेत न्यावे. लाखाहून अधिक प्रती निघाल्या, अनेक भारतीय भाषांत आणि ब्रेलमध्येही ते गेले. मराठी वाचकाला मिश्र तसे परके नाहीत. त्यांचा जन्म १९४८ सालचा, वर्ध्याचा. कवी भवानीप्रसाद मिश्र हे त्यांचे वडील. १९ डिसेंबर २०१६ रोजी ते गेले. त्यांच्याविषयी माझ्या वाचनात जे आले ते बहुतेक आदरांजलीच्या सुरातले आहे. या पुस्तकावर लोकांनी इतके प्रेम केले की त्याच्याशी वाद घालायचे राहून गेले. सध्या मी त्यातली काही प्रकरणे मराठीत आणते आहे. वाचताना वाद बाजूला ठेवता येतो. भाषांतर करताना तो शब्दाशब्दाला समोर येऊन बसतो.

माझे घर जबलपूर जिल्ह्यातल्या सिहोऱ्याचे, आणि पुस्तक सुरू होते ते आमच्याच भागातल्या एका कथेने. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई हे चार शेतकरी भाऊ. कूडनच्या मुलीला वाटेत दगडाची ठेच लागते, ती चिडून त्यावर विळा मारते आणि विळा सोन्याचा होतो. परीस सापडल्याची बातमी राजापर्यंत जाते. राजा परीस ठेवून घेत नाही. याच्या बळावर लोकांसाठी तळी बांधा, असे सांगून भावांना परत पाठवतो. मग बुढागरला बुढा सागर होतो, मझगवांला सरमन सागर, कुआंग्रामला कौंराई सागर आणि कुंडमला कुंडम सागर. मझगवां आमच्या तहसिलीतले. कुंडमच्या बाजूला उगम पावणारी हिरन नदी सिहोऱ्याच्या अंगाने वाहत नर्मदेला मिळते. १९०७ साली गॅझेटिअरसाठी फिरणाऱ्या इंग्रजानेही ही कथा ऐकली होती आणि तळी जाऊन पाहिली होती, असे मिश्र नोंदवतात. कथा खरी की खोटी, या प्रश्नात ते अडकत नाहीत. तळी आहेत आणि ती कोणीतरी बांधली आहेत, एवढे त्यांना पुरते.

पर्यावरणावरच्या लेखनात एक ठरलेले वाक्य असते: मानवाने निसर्गाची हानी केली. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्याला कर्ता आहे, पण तो ‘मानव’ कोणत्या गावचा, कोणत्या कामाचा, कोणाला उत्तर देणारा, याचा पत्ता लागत नाही. सगळे दोषी म्हटले की कोणीच दोषी उरत नाही. मिश्रांच्या पुस्तकात हा मानव भेटत नाही. तिथे गजधर आहे, म्हणजे मापाचा गज हाती घेऊन काम आखणारा. माती खणणारे, पाळ रचणारे, पाण्याची पाळी ठरवणारे आहेत. प्रत्येकाला नाव आहे, काम आहे आणि त्या कामाचा मान आहे. त्यामुळे तळे बिघडते तेव्हा माणसाच्या स्वभावावर खापर फोडावे लागत नाही. अमुक एक माणूस कामावरून उठला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही, एवढे दिसते. बेफिकिरीकडे असे पाहणे हे या पुस्तकाचे मोठे देणे आहे असे मी मानते.

या कामकऱ्यांच्या शब्दांनी भाषांतराची परीक्षा पाहिली. जिथून पाणी वाहत तळ्यात येते ती जमीन म्हणजे ‘आगौर’. जिथे ते साठते तो ‘आगर’. बांध म्हणजे ‘पाल’. जास्तीचे पाणी बाहेर जाते ती जागा ‘नेष्टा’. नेष्ट्याला मराठीत सांडवा आहे. पालीला विदर्भातली पाळ आहे. आगर मात्र फसवा: मराठीत आगर म्हटले की कोकणातली नारळी-पोफळी नाहीतर मिठागर डोळ्यांपुढे येते. आणि आगौराला आपल्याकडे उरला आहे तो ‘पाणलोट क्षेत्र’ हा सरकारी कागदावरचा शब्द. पाणलोट क्षेत्रात कोणी चपला काढून जाणार नाही. आगौर स्वच्छ ठेवायचा, तिथे घाण करायची नाही, हा दंडक त्या शब्दाबरोबर मुलांच्या कानावर जात असे.

आता आमच्याकडेही आगौर हा शब्द फारसा कानी पडत नाही. त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तळ्यात भराव टाकला तर लोक निदान बोलतात. आगौरात घर बांधणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, कारण त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या लेखी ती मोकळी जागा असते. दोन पावसाळ्यांनी तळे भरेनासे होते आणि पाऊस कमी झाला असे सगळे म्हणतात. जबलपूर शहरात हे केव्हाच होऊन गेले. राणीताल हे नाव राणी दुर्गावतीशी जोडले जाते. आज ते उच्चारले की लोकांना क्रीडासंकुल आठवते. ‘ताल’ हा शब्द पत्त्यात राहिला आणि पाणी गेले.

गाळाचेही असेच. मिश्रांच्या पुस्तकात गाळ ही अडचण नाही. तो ठरलेल्या वेळी काढायचा, शेतात न्यायचा; तळे खोल होते आणि जमीन सकस. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, ती याच शहाणपणाची. फरक असा की एके काळी गावाच्या कॅलेंडरात जे काम होते, त्याला आता शासननिर्णय लागतो.

इथवर मी मिश्रांच्या बाजूची आहे. प्रश्न पुढचा आहे: ही माणसे कामावरून उठली कशी? पुस्तकाचे उत्तर मुख्यतः इंग्रजी राजवट आणि तिच्या तालमीत तयार झालेली नवी शहाणी मंडळी, असे आहे. म्हैसूर संस्थानात तळ्यांवरचा खर्च इंग्रजांनी कसा छाटला, ही हकिकत त्यात आहे. नळ आल्यावर शहरांनी तळी कशी वाऱ्यावर सोडली आणि १९९० साली देवासला इंदुराहून रेल्वेने पाणी कसे आणावे लागले, तेही आहे. हे सगळे खरे आहे. पण सिहोऱ्याला आणि पूर्व विदर्भाला एक वेगळी तारीख लागू होते: ३१ मार्च १९५१.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि भंडारा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या मध्य प्रदेशाने १९५० साली मालगुजारी आणि इतर मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला. तो ३१ मार्च १९५१ ला अमलात आला आणि मालगुजारांची तळी सरकारजमा झाली. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. सरकारी कागदात ती ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखली जातात, लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यातली कित्येक कोहळी समाजाच्या जाणकारीतून उभी राहिली. नवेगाव बांधचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. पाणी, चराई, सरपण यांवरच्या गावाच्या हक्कांना आमच्या हिंदीत आणि भंडाऱ्याच्या मराठीत एकच शब्द आहे, ‘निस्तार’. हे हक्क कागदावर उतरले. पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची, पाण्याची पाळी लावण्याची जबाबदारी मात्र त्याच नेमकेपणाने कोणाच्या नावावर चढली नाही. सरकारने तळे घेतले, तळ्याचे काम घेतले नाही.

हा कायदा इंग्रजांचा नव्हता. तो आपण निवडून दिलेल्यांनी केला आणि त्याचा हेतू न्याय्य होता. मालगुजाराच्या तळ्यात वेठीचा घाम होता, हे विसरून ‘पूर्वी सगळे छान होते’ असे म्हणता येणार नाही. मिश्रांचे पुस्तक तसे शब्दशः म्हणत नाही, पण त्याचा सूर वाचकाला त्या वाटेने नेतो. त्यातल्या एका प्रकरणाचे नाव आहे ‘साफ माथे का समाज’. विचार स्वच्छ असलेल्या समाजाचे पाणीही स्वच्छ राहते, असा त्याचा आशय. हे मराठीत आणताना माझी लेखणी ‘समाज’ या शब्दावर अडते.

कारण मराठीत तळे म्हटले की महाडही आठवते. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींना मार खावा लागला. नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. त्या दहा वर्षांत महाडचा ‘समाज’ तळे राखत होता, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की कोणापासून राखत होता.

मिश्रांनी तळी बांधणाऱ्या कित्येक जातींचा मानाने उल्लेख केला आहे. आपल्याकडच्या पांढरपेशा लेखनात हे क्वचित घडते आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. पण बांधणाऱ्याला मान होता म्हणजे पिणाऱ्याला हक्क होता, असे होत नाही. हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. तो विचारला की पर्यावरणाचा मुद्दा दुबळा होईल अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटते. ज्याला पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच्याकडून त्या पाण्याची काळजी कोणत्या तोंडाने मागायची? पाणवठ्यावरून हाकललेल्यांना नळ आला तेव्हा सुटल्यासारखे वाटले असेल, तर ती बेफिकिरी म्हणता येणार नाही. आणि ज्यांचा हक्क कधी कोणी नाकारला नव्हता, त्यांनी नळ येताच तळ्यात कचरा टाकला, ती मात्र निखालस बेफिकिरी. ‘समाजाने तळी सोडली’ या एका वाक्यात या दोन्ही गोष्टी एकाच रंगाच्या दिसतात.

हे सारे मान्य करूनही पुस्तक मला भाषांतराच्या लायकीचे वाटते, कारण त्याचा मूळ प्रश्न खरा आहे: हे काम कोणाचे? सरकारचे म्हटले की निविदेची वाट पाहायची. गावाचे म्हटले की गावात कोणाकोणाला धरायचे ते आधी ठरवायचे. पूर्व विदर्भात धिवरांच्या मच्छीमार संस्था आज मामा तलावांच्या पाण्यावर जगतात. पाणी उतरले तर पहिला फटका त्यांना बसतो, म्हणून पाणवनस्पती, गाळ, मासळीची वीण यांचे ज्ञान त्यांच्याकडे टिकले आहे. तळ्याविषयीच्या निर्णयात त्यांचा शब्द किती चालतो, यावर तळे राहील की जाईल हे बरेचसे अवलंबून आहे.

भाषांतरात मी आगौर तसाच ठेवणार आहे. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच अर्थ उलगडेन आणि पुढे वाचकावर सोडेन. शब्द परत आला तर जागाही दिसू लागते. पालीसाठी भंडाऱ्याची पाळ घेईन. ‘समाज’ हा शब्द मी बदलणार नाही, तो लेखकाचा आहे आणि त्यांच्या वाक्यात माझे मत घुसवण्याचा मला अधिकार नाही. पण प्रस्तावनेत सरमन सागराबरोबर चवदार तळ्याविषयीही लिहीन. मराठी वाचकाने ही दोन तळी शेजारी ठेवून पुस्तक वाचावे आणि आपल्या गावच्या तळ्याकडे जाताना दोन गोष्टी विचाराव्यात: याचा आगौर कुठे आहे, आणि याच्या काठावर आजही कोण येत नाही.