रसिक कीं गिऱ्हाईक?

लोकहितासाठीं चालणाऱ्या कलासंस्था आज जगभर इंटरनेटवर आल्या आहेत. परंतु येण्यायेण्यांतही फरक असतो. बहुतेक संस्था तेथें केवळ दवंडी पिटतात: अमुक दिवशीं प्रदर्शन, तमुक दिवशीं व्याख्यान, तिकिटाचा दर इतका. कांहीं संस्था आपला संग्रह मांडतात, पण तो दुरून पाहण्यापुरताच. संग्रह लोकांच्या हातीं सोंपवून मोकळ्या होणाऱ्या संस्था फार थोड्या. त्यांत ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमचें स्थान वरचें आहे. म्हणूनच त्याच्या या उद्योगाचे गुणदोष पाहणें अगत्याचें वाटतें.

या उद्योगामागील एक हकीकत मोठी उद्बोधक आहे. सतराव्या शतकांतील डच चित्रकार व्हर्मीर यानें काढलेलें, दूध ओतणाऱ्या दासीचें प्रसिद्ध चित्र या संग्रहालयांत आहे. त्याच्या पिंवळट, निकृष्ट अशा दहा हजारांहून अधिक नकला इंटरनेटवर फिरत असल्याचें संस्थेस आढळून आलें. परिणाम असा झाला कीं, संग्रहालयाच्या दुकानांतील बरोबर रंगांचीं कार्डें पाहून लोकांस तींच खोटीं वाटूं लागलीं! नकलांनीं अस्सलास खोटें ठरवावें, याहून मोठी विटंबना ती कोणती? दुसरी एखादी संस्था अशा वेळीं कायद्याकडे धांवली असती. या संस्थेनें उत्तम प्रत स्वतःच लोकांपुढें ठेवली. पुढें २०१२ सालीं, मुख्य इमारत दुरुस्तीसाठीं बंद असतांनाच, ‘राइक्सस्टुडिओ’ नांवाचें दालन इंटरनेटवर उघडून सुमारें १,२५,००० कलाकृतींचीं सुस्पष्ट छायाचित्रें तिनें विनामूल्य खुलीं केलीं. वाटेल त्यानें तीं उतरवून घ्यावीं, कापावीं, जोडावीं, हव्या त्या वस्तूवर छापावीं.

या औदार्याची परिसीमा पाहावयाची असल्यास संग्रहाचे तेव्हांचे प्रमुख टॅको डिबिट्स यांचें २०१३ मधील म्हणणें ध्यानांत घ्यावें. शौचकूपांतील कागदावर कोणास व्हर्मीर हवाच असेल, तर तेथेंही वाईट नकलेपेक्षां चांगली प्रत बरी, असा त्यांचा आशय होता. सोवळ्या मनास हें रुचणार नाहीं. परंतु ज्याची अवहेलना थांबवितां येत नाहीं, त्याचें निदान रूप तरी शुद्ध राहावें, हा विचार व्यवहारी आहे आणि खराही आहे. प्रती फुकट मिळाल्यावर मूळ चित्र पाहावयास कोण येणार, ही भीतीही फोल ठरली. २०२३ सालीं याच संग्रहालयांत व्हर्मीरचीं २८ चित्रें एकत्र मांडलीं गेलीं, तेव्हां तिकिटें थोड्याच दिवसांत संपलीं व सुमारें साडेसहा लाख लोकांनीं तें प्रदर्शन पाहिलें.

असें असलें, तरी एक आक्षेप उरतोच. चित्र हातीं आलें म्हणजे तें डोळ्यांत भरतेंच असें नाहीं. राइक्सस्टुडिओंतील चित्रांपासून नव्या वस्तू घडविणाऱ्यांस संग्रहालयानें पारितोषिकें ठेविलीं. त्यांतून कल्पकतेस वाव मिळाला खरा. पण चित्राचा एक कोपरा कापून उशीच्या अभ्र्यावर छापणाऱ्याचें लक्ष बहुधा अभ्र्यावर असतें. पैसा न देतांही तो गिऱ्हाईकच राहतो.

याच्या शेजारीं गेटी म्यूझियमचा प्रयोग ठेवून पाहावा. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें सर्वत्र दारें बंद झालीं, तेव्हां लॉस एंजेलिसच्या या संस्थेनें लोकांस आवाहन केलें: आवडती कलाकृति निवडा आणि घरांतल्या तीन वस्तूंच्या साह्यानें ती स्वतः उभी करा. कल्पना मूळची नेदरलंड्समधील एका इन्स्टाग्रामवरील खेळाची. चादरी, टॉवेल, भांडीं, घरचीं कुत्रीं, सर्वांस भूमिका मिळाल्या! हा खेळ पोरकट म्हणून कित्येकांनीं नाक मुरडलें असेल. पण माझ्या मतें त्याची योग्यता मोठी आहे. सोंग वठवावयाचें, तर प्रकाश कोणत्या बाजूनें येतो, मान किती कललेली आहे, वस्त्राची चुणी कोठें पडते, हें सारें निरखावें लागतें. ज्यानें एवढें निरखलें, तो त्या चित्राचा रसिक झाला. आमच्या संगीत नाटकांत ‘वन्स मोअर’चा पुकारा करणाऱ्या श्रोत्याचा वांटाही असाच तिकिटापलीकडचा होता.

म्हणून अशा संस्थांच्या यशाचें माप किती जणांनीं दालन उघडलें या आंकड्यांत शोधूं नये. आंकडा गर्दी सांगतो, गोडी सांगत नाहीं. २०२२ सालीं राइक्सम्यूझियमनें रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चें ७१७ अब्ज बिंदूंचें छायाचित्र प्रसिद्ध केलें, त्यांत रंगाचे कण सुद्धां दिसतात. पण कोठें पाहावें व कां पाहावें, हें सांगणारा कोणी सोबत नसेल, तर त्या कणांतून चित्र हातीं लागत नाहीं. दार सताड उघडें ठेवणें हें संस्थेचें अर्धें कर्तव्य होय. आलेल्याचा हात धरून त्यास चित्रापुढें क्षणभर उभें करणें, हें उरलेलें अर्धें. आपल्याकडील ज्या संस्था आपले संग्रह इंटरनेटवर आणीत आहेत, त्यांनीं पहिल्या अर्ध्यावर समाधान मानूं नये.