प्रश्नचिन्ह कोठे गेले?

मानवतच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधली गेली, की कोणती रुई कोणत्या बोंडातली हे सांगता येत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात असेच काही घडत असावे, अशी कल्पना आहे. प्रत्येक न्यूट्रॉनमध्ये तीन क्वार्क असतात. सूर्याहून अधिक वस्तुमान वीस-पंचवीस कि.मी. व्यासात दाबले गेले, तर न्यूट्रॉनांच्या सीमा पुसल्या जाऊन क्वार्क मोकळे होऊ शकतील. कल्पना आकर्षक आहे. प्रश्न पुराव्याचा आहे.

१० एप्रिल २००२ रोजी नासाने ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दोन तारे पुढे केले. आरएक्स जे१८५६ या ताऱ्याचा व्यास सुमारे ११ कि.मी. निघाला, न्यूट्रॉन ताऱ्याला तो फारच अपुरा. ३सी५८ मधील तारा वयाच्या मानाने फार थंड होता. पहिल्या ताऱ्यावरील मूळ शोधनिबंधाचे शीर्षक प्रश्नार्थक होते. प्रसिद्धीपत्रकाच्या मथळ्यात मात्र पदार्थाच्या नव्या रूपाचा पुरावाच मिळाला होता! आमचा आक्षेप या गळालेल्या प्रश्नचिन्हाला आहे.

११ कि.मी. हा आकडा आला कसा? ताऱ्याचे तापमान, तेजस्विता आणि अंतर यांवरून प्रारण सोडणाऱ्या पृष्ठभागाचा आकार काढला जातो. पण तवा मध्येच लाल झाला असेल, तर अंधारात तेवढाच भाग दिसतो. तो म्हणजे संपूर्ण तवा नव्हे. या ताऱ्याचा दृश्य प्रकाश क्ष-किरणांवरून केलेल्या हिशोबापेक्षा कितीतरी अधिक होता. म्हणजे तप्त डागाभोवती मोठा, थंड पृष्ठभाग असण्याची शक्यता होतीच. ‘डाग असेल तर तारा फिरताना तेज कमीजास्त व्हायला हवे, ते दिसत नाही,’ हे त्यावरचे उत्तर होते. २००७ मध्ये एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय दुर्बिणीला सुमारे ७ सेकंदांचे आवर्तन सापडले. चढउतार जेमतेम एक टक्क्याचा, म्हणूनच तो आधी निसटला होता.

३सी५८ चे वय ११८१ साली चीन व जपानमध्ये नोंदलेल्या ‘पाहुण्या ताऱ्या’वरून धरले होते. २०२१ मध्ये त्या नोंदीला पीए ३० ही दुसरी तेजोमेघिका अधिक जुळते, असे दाखवण्यात आले. ३सी५८ अधिक जुना असेल, तर त्याच्या थंडपणाचे नवल उरत नाही. शिवाय क्वार्कांवाचूनही तारा जलद निवण्याची कारणे संभवतात.

म्हणून क्वार्क-द्रव्य नाहीच, असेही म्हणू नये. २०१० मध्ये सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा मोजला गेला आणि एवढा भार न पेलणारी अनेक गणिते बाद झाली. २०२० मधील एका अभ्यासानुसार सर्वांत जड ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क-द्रव्य संभवते, पण काही अटींवर. अशी वस्तुमाने स्पंदकांच्या ठोक्यांवरून मोजतात. नारायणगावजवळच्या खोडद येथील तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीणही असे ठोके टिपते.

वर्गात ही बातमी सांगताना फळ्यावर तीन रकाने आखावेत: काय मोजले, काय गृहीत धरले, काय अनुमान काढले. ‘११ कि.मी.’ कोणत्या रकान्यात लिहायचे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.