समरकंदचा आराखडा, हिंदुस्थानचा हात

मुघल कलेवरच्या मराठी लेखनात ‘इराणी प्रभाव’ हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यापलीकडे फारसे कोणी जात नाही. शाह तहमास्पच्या इराणी दरबारातून हुमायूनने चित्रकार मिळवले, हे खरेच. पण बाबराचे घराणे स्वतःला तैमूरचे वारस मानत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे 15व्या शतकातले समरकंद आणि हेरात होते. शाहजहानने ‘साहिबकिरान-ए-सानी’ म्हणजे ‘दुसरा तैमूर’ असा किताब घेतला आणि 1646 मध्ये बल्खवर फौजही धाडली. मुघल चित्र, इमारत आणि बाग या तिघांची मुळे याच मातीत आहेत. हिंदुस्थानात मात्र तिघांची वाट वेगळी झाली.

चित्रकलेपासून सुरुवात करू, कारण बदल सर्वांत खोलवर झाला तो तिथे. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे 1549 च्या सुमारास काबूलला हुमायूनकडे आले. त्यानंतरच्या काही वर्षांत सुती कापडावर रंगवलेले एक मोठे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात बागेतल्या मंडपात तैमूरच्या कुळातले राजपुरुष बसले आहेत. पुढच्या पिढ्यांनी त्यात अकबर, जहांगीर आणि शाहजहान यांचे चेहरे भरले. वारसा रंगाने सिद्ध करण्याचा इतका उघड खटाटोप मला दुसरीकडे आढळलेला नाही.

या घराण्याची नजर मात्र पारखी होती. हेरातचा बिहजाद हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ चित्रकार, पण दाढी न आलेले चेहरे त्याला नीट जमत नाहीत, असा शेरा बाबराने आत्मचरित्रात मारून ठेवला आहे. अकबराने हेरातची कारखान्याची पद्धत उचलली. एकाने रेखाटायचे, दुसऱ्याने रंग भरायचे, तिसऱ्याने चेहरे काढायचे. फक्त त्यात हात हिंदुस्थानी आले. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा, अब्दुस्समदच्या हाताखाली तयार झालेला. बसावनने माणसांना वजन दिले, अंतराला खोली दिली. ‘हम्जानामा’ या साहसकथांच्या ग्रंथाची सुमारे 1400 चित्रे याच कारखान्यात कापडावर उतरली. त्यांतली फार थोडी उरली आहेत, पण तेवढ्यांतही हेरातची नाजूक शिस्त मोडून गर्दी, धूळ आणि धावपळ आत शिरलेली दिसते. माझ्या मते मुघल चित्रकला स्वतःची झाली ती इथे. जहांगीरच्या काळचे नेटके पक्षी आणि फुले हे नंतरचे पीक.

मुंबईकरांना यासाठी लंडन गाठायला नको. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबरकालीन ‘अन्वार-ए-सुहैली’ची चित्रे आहेत. हा ग्रंथ हेरातच्या तैमुरी दरबारात हुसेन वाइज काशिफीने फारसीत लिहिला, आणि त्यातल्या कथांचे मूळ आपल्या पंचतंत्रात आहे. आपल्या कथा हेरातला राहून, तिथले कपडे लेवून परत आल्या आणि इथल्या चित्रकारांनी त्यांना पुन्हा इथली जनावरे दिली.

वास्तुकलेत सांगाडा तसाच राहिला, कातडी बदलली. दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याचा वास्तुकार मीरक मिर्झा गियास हेरात-बुखाऱ्याकडचा. मधले दालन, त्याभोवती आठ दालने आणि दुहेरी घुमट ही सारी तैमुरी विद्या. असाच दुहेरी घुमट समरकंदला खुद्द तैमूरच्या कबरीवर, गूर-ए-अमीरवर आहे. पण तिथे विटा आणि निळ्या फरशा, तर दिल्लीत लाल दगड आणि संगमरवर. निळाई उरली ती गच्चीवरच्या छत्र्यांपुरती. अलीकडच्या जीर्णोद्धारात त्या फरशा पुन्हा घडवण्यासाठी उझबेकिस्तानातून कारागीर बोलावले गेले आणि निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली. जतनाचे काम असे व्हावे.

बागेचे मात्र वाईट झाले. तैमूर समरकंदभोवतीच्या बागांत तंबू ठोकून दरबार भरवत असे. 1404 मध्ये तिथे पोहोचलेल्या क्लाव्हिहो या स्पॅनिश वकिलाने ते पाहून लिहून ठेवले आहे. बाग हेच राजवाड्याचे मुख्य दालन होते. आग्र्याला आल्यावर बाबराची पहिली तक्रार होती ती वाहत्या पाण्याची. उतार नाही, झरे नाहीत, म्हणून त्याने विहिरी खणल्या, रहाटाने पाणी चढवले. धोलपूरला तर अखंड खडकातून कमळाच्या आकाराची कुंडे कोरून घेतली. चारबाग म्हणजे पाण्याचे गणित, फळझाडांची सावली आणि उंचावलेल्या पायवाटा. इंग्रजी अमलात ताजमहालासकट अनेक ठिकाणी झाडे विरळ होऊन हिरवळ आली, आणि आजही आपण त्या हिरवळीलाच मुघल बाग समजतो. काबूलचा बाग-ए-बाबर उत्खननाच्या आधारे, फळझाडांसह पुन्हा उभा राहिला. युद्धाने पोळलेल्या शहरात हे घडू शकते, तर आपल्याकडे न घडायला कारण नाही.

आणि म्हणून छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा. 1660-61 मधली ही इमारत अताउल्लाने रचली. ताजमहालाचा वास्तुकार मानला जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा तो मुलगा. ‘दख्खनचा ताज’ म्हणत आपण तिच्याकडे कमअस्सल नक्कल म्हणून पाहतो. पण ताजमहाल बागेच्या टोकाला, नदीकाठी आहे. हा मकबरा बागेच्या मधोमध आहे, हुमायूनच्या मकबऱ्यासारखा. घुमट आणि मिनार ताजकडे पाहतात, आराखडा मात्र जुन्या तैमुरी रीतीकडे परत जातो. या वास्तूचे मोल संगमरवर किती यावर ठरवणे चूक आहे. पुरातत्त्व खात्याने तिची बाग उद्यान म्हणून न राखता वास्तूचाच भाग म्हणून अभ्यासावी, जुनी लागवड शोधावी, आणि ती इथे पुन्हा करावी.