ओपुस देई : दोन पुस्तके आणि एक प्रश्न

गेल्या उपवासकाळातील गोष्ट. पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण अभियंता रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे रेंगाळला. सारे पांगल्यावर त्याने पिशवीतून एक लहानसे इंग्रजी पुस्तक काढले. पाने हाताळून मऊ झाली होती आणि समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. ‘फादर, हे वाचून सांगाल का? मला मुंबईला एका ध्यानसाधनेचे आमंत्रण आहे. जावे की न जावे?’ पुस्तक होते ‘द वे’, मूळ स्पॅनिश ‘कामिनो’. लेखक होसेमारिया एस्क्रिव्हा. आमंत्रण कोणाचे, हे विचारण्याची गरजच उरली नाही.

आम्ही त्याला महिनाभराची मुदत मागितली आणि कामिनोसोबत आणखी एक पुस्तक वाचले. त्याला दिलेल्या तोंडी उत्तराचाच विस्तार ह्या लेखात आहे. ह्या संस्थेची निंदा करणाऱ्या वा स्तुती करणाऱ्या वाङ्मयाचा ढीग मोठा आहे. त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. २००६ साली ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट आला तेव्हा मुंबईत आपल्या बांधवांनी निदर्शने केली, आणि ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना चित्रपटाला जोडावी लागली. त्या गदारोळात ओपुस देई हे नाव मराठी घरांत प्रथमच पोहोचले, तेही एका खुनी मठवासीयाच्या रूपात! वास्तविक ह्या संस्थेत मठ नाहीत आणि मठवासीही नाहीत. डॅन ब्राऊन ह्यांच्या कादंबरीचा खरा दोष असा की, तिने खऱ्या प्रश्नाच्या जागी खोटे भूत उभे केले. भुताला हसून वाचक मोकळा झाला आणि प्रश्न तसाच राहिला.

प्रथम, श्रेय द्यायचे तेथे द्यावे. २ ऑक्टोबर १९२८ रोजी माद्रिदमध्ये सव्वीस वर्षांच्या ह्या धर्मगुरूला जे सुचले, ते त्या काळात धाडसाचे होते. संतपण हा मठाचा किंवा पाळकगृहाचा मक्ता नाही. कचेरीत, शेतात, प्रयोगशाळेत आपले काम चोख करणारा प्रापंचिक माणूसही त्याच पायरीवर उभा आहे. हेच तत्त्व दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात विश्वासमोर मांडले. मराठी मनाला तर ह्यात नवल वाटायला नको. मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा सावता माळी आणि चिखल तुडवता तुडवता नामात बुडालेला गोरा कुंभार ह्यांना आपण शतकानुशतके संतच म्हणत आलो आहोत. आमच्या पिरंगुटला सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्यांत यंत्रापुढे उभे राहणारे श्रद्धावंत आहेत. कोणी अहमदनगरकडचा, कोणी झारखंडचा, कोणी केरळचा. रात्रपाळी करून थेट मिस्साला येणाऱ्या माणसाला ‘तुझे कामच तुझी प्रार्थना आहे’ असे कोणी सांगितले, तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे आम्ही पाहिले आहे. त्या अभियंत्याला कामिनोने का धरून ठेवले, हे आम्हांला लगेच उमगले.

आता पुस्तकाकडे वळू. १९३४ साली ते ‘आध्यात्मिक चिंतने’ अशा अर्थाच्या नावाने लहान स्वरूपात निघाले आणि यादवी युद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९३९ साली, वालेन्सियात ‘कामिनो’ ह्या नावाने वाढवून छापले गेले. एकूण ९९९ सुटी वचने आहेत. बहुतेक दोन-तीन ओळींची, काही अर्ध्या पानाची. प्रार्थना, आज्ञापालन अशा विषयांनुसार त्यांचे गट पाडले आहेत. काही वचने खरोखर धारदार आहेत. आळसावर, आत्मकरुणेवर, धार्मिक बडबडीवर लेखक असा नेमका घाव घालतो की, तीस वर्षे प्रवचने करणाऱ्या आमच्यासारख्यालाही ओशाळल्यासारखे झाले.

परंतु सलग वाचत गेल्यावर एक गोष्ट खटकू लागते, आणि ती आशयाची नव्हे, आवाजाची आहे. हे पुस्तक पानोपानी ‘तू’ला उद्देशून बोलते. ऊठ, गप्प राहा, आज्ञा पाळ, विचारल्यावाचून पुस्तक विकत घेऊ नकोस. आज्ञार्थ हा धर्मवाङ्मयाला परका नाही, हे खरे. समर्थांचे मनाचे श्लोक आज्ञार्थानेच भरलेले आहेत. पण त्या दोनशे पाच श्लोकांत आज्ञा कोणाला आहे, हे पाहावे. ती मनाला आहे. म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या मनाला! श्लोक म्हणणारा एकाच वेळी सांगणाराही असतो आणि ऐकणाराही. तिसरा माणूस मध्ये नसतो. कामिनोत मात्र तिसरा माणूस सतत उपस्थित आहे. त्याला तेथे मार्गदर्शक किंवा संचालक म्हटले आहे, आणि त्याच्याहाती कारागिराच्या हातातील हत्यारासारखे व्हावे, अशी शिकवण आहे. वाचणाऱ्याला प्रतिप्रश्न करायला जागा नाही. कामिनोचा ‘तू’ मुख्यतः ऐकतो.

विवाह हा सामान्य शिपायांसाठी, सेनापतीच्या मंडळासाठी नव्हे, अशा आशयाचे वचन ह्याच पुस्तकात आहे. स्त्रीने विदुषी असण्याची आवश्यकता नाही, सुज्ञ असली म्हणजे पुरे, अशा आशयाचेही आहे. प्रापंचिकांना संतपदाचे दार उघडणाऱ्या लेखकाने प्रापंचिकांतच अशी उतरंड रचावी, हे आश्चर्य. संस्थेच्या रचनेत ती उतरंड दिसते. ब्रह्मचर्य पाळून बहुधा संस्थेच्या केंद्रांत राहणारे ते न्यूमररी. संसारी ते सुपरन्यूमररी, आणि सभासदांत बहुसंख्य तेच. आणि केंद्रांतील स्वयंपाक, धुणे, झाडलोट हेच ज्यांचे पाचारण मानले गेले त्या न्यूमररी असिस्टंट, अर्थात सर्व स्त्रिया.

बाहेरच्या जगाने ज्या गोष्टीचा सर्वांत अधिक गवगवा केला तिच्याविषयी थोडक्यातच लिहितो. ब्रह्मचारी सभासद मांडीला काटेरी साखळी बांधतात, बहुतेक दिवशी सुमारे दोन तास, आणि आठवड्यातून एकदा दोरीच्या आसुडाने स्वतःच्या पाठीवर किंवा नितंबांवर फटके मारतात. हे संस्था नाकारत नाही. आसूड पाहून दचकण्याचे नाटक निदान मराठी माणसाने करू नये. कडकलक्ष्मीचा पोतराज आपल्या दारात कोरडे ओढत आला आणि आपण त्याच्या सुपात धान्य घातले. संत टॉमस मोर ह्यांच्या अंगावर केसाळ बोचरे वस्त्र असे, आणि पोप जॉन पॉल दुसरे हेही पट्ट्याने स्वतःस मारून घेत, असे त्यांच्या संतप्रक्रियेचे काम पाहणाऱ्या धर्मगुरूंनी २०१० साली लिहिले. आमची रुची विचाराल तर गीतेच्या सतराव्या अध्यायाने देहाला छळणाऱ्या घोर तपाविषयी जो इशारा दिला आहे, तो आम्हांला पटतो. तथापि प्रौढ माणसाने समजून उमजून, गाजावाजा न करता केलेले देहदंडन हा त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे. आमचा आक्षेप साखळीला नाही. त्या खोलीच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, हा आमचा प्रश्न आहे.

येथे दुसरे पुस्तक हाती घ्यावे लागते. मारिया देल कार्मेन तापिया ह्यांचे आत्मकथन १९९२ साली स्पेनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी एस्क्रिव्हा ह्यांना धन्य घोषित केले गेले. बाई सुमारे अठरा वर्षे संस्थेत होत्या. रोममध्ये संस्थापकांच्या हाताखाली काम केले, नंतर व्हेनेझुएलातील स्त्री-विभागाची धुरा वाहिली, १९६५ साली रोमला परत बोलावल्या गेल्या आणि १९६६ साली बाहेर पडल्या. त्या लिहितात की, त्या शेवटच्या काळात कित्येक महिने त्यांना घराबाहेर जाण्याची, पत्र लिहिण्याची, दूरध्वनी करण्याची मुभा नव्हती. आलेली आणि धाडावयाची पत्रे वरिष्ठांनी वाचणे, पुस्तकांसाठी परवानगी, आणि दर आठवड्याला संचालिकेपुढे बसून आपले अंतःकरण उघडे करणे, हे तर नेहमीचेच. संस्थेने ह्या कथनातील अनेक गोष्टी अमान्य केल्या आहेत, ह्याची नोंद वाचकाने अवश्य घ्यावी. पुस्तक म्हणूनही ते निर्दोष नाही. मधले भाग लांबले आहेत, तपशिलांची गर्दी आहे आणि राग लपत नाही. तरीही एक गोष्ट त्यात खोटी वाटत नाही. लेखिका जे सर्वांत जास्त दुखले म्हणून सांगते, ते शरीराला झालेले काही नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढे कारभाराच्या मेजावर आलेली पाहणे, हे ते दुःख आहे.

ज्यांनी सेमिनरीत दिवस काढले आहेत त्यांना ह्याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही. आम्ही शिकत असताना एक मर्यादा भिंतीसारखी उभी असे. रेक्टर वेगळा, आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा. आमच्या दीक्षेचा निर्णय घेताना रेक्टर मार्गदर्शकाचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत विचारू शकत नसे. कॅनन कायद्याच्या २४०व्या कलमाने तशी मनाई आहे. ह्याच्याही आधी, १८९० साली, पोप लिओ तेरावे ह्यांनी मठांच्या वरिष्ठांना सभासदांकडून अंतःकरणाची झडती घेण्यास बंदी केली. आजच्या कायद्याचे ६३०वे कलम तेच सांगते. आता गंमत पाहा. हे कलम व्रतस्थांसाठी आहे. ओपुस देईचे सभासद व्रतस्थ नव्हेत, प्रापंचिक आहेत, ह्याचा संस्थेला अभिमान आहे. परिणाम असा की, ज्यांच्यासाठी कुंपण घातले त्यांच्यापेक्षा जास्त कडक शिस्त पाळणारी माणसे कुंपणाच्या बाहेर राहिली. कारभार आणि आध्यात्मिक मार्गदर्शन ह्यांतील भेद काटेकोर ठेवण्याविषयी संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी, खाविएर एचेवारिया ह्यांनी, २०११ साली सभासदांना पत्र लिहिले. ते लिहावे लागले, ह्यातच पुष्कळसे आले.

आणि हा दोष परदेशी आहे असे म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. फार वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या धर्मग्रामात, आम्ही तरुणांचे एक मंडळ चालवीत असू. प्रत्येक गटाच्या प्रमुखाने आपल्या गटातील मुलामुलींच्या ‘अडचणी’ दर शनिवारी आम्हांस सांगाव्या, असा नियम आम्हीच केला होता. हेतू चांगला होता. एके दिवशी एका मुलीला तिच्याविषयी आम्हांला जे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, ते आमच्या तोंडून ऐकावे लागले. ती काही बोलली नाही. मंडळात पुन्हा आली नाही. पुढे बराच काळ मिस्सालाही आली नाही.

तापिया ह्यांचे पुस्तक मिटताना आम्हांला वारंवार ‘स्मृतिचित्रे’ आठवत होते. टिळक दांपत्य आमच्या कॅथलिक परंपरेचे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण चांगले गद्य पंथ सांगून घरात येत नाही. तेथेही एक भारावलेला, हट्टी, इतरांची आयुष्ये उलथून टाकणारा पुरुष आहे, आणि त्याच्या सावलीत जगलेली स्त्री लिहिते आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. पण त्यांनी स्वतः ख्रिस्ताचा स्वीकार केला तो सुमारे पाच वर्षांनी, स्वतः विचार करून, जातीची सोवळी गाठ स्वतःच्या बोटांनी सोडवून. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाला ती पाच वर्षे थांबावे लागले. म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांवर हसू शकतात, त्यांच्या विक्षिप्तपणाची टवाळी करू शकतात, आणि त्या हसण्यातून प्रेम कणभरही उणे होत नाही. तापिया हसत नाहीत. संस्थापकाला तेथे सारे ‘पिता’ म्हणत, आणि अशा पित्याविषयी एकतर जयजयकार लिहिता येतो किंवा आरोपपत्र. लक्ष्मीबाईंची जागा ह्या दोहोंच्या मधली आहे. ती त्यांना मिळाली, कारण त्यांचा निर्णय त्यांचाच होता.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पुस्तकात पुरेशी आलेली नाही, आणि ती म्हणजे स्वयंपाकघर. २०२१ साली अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हिया येथील ४३ स्त्रियांनी व्हॅटिकनकडे तक्रार नोंदविली. शिक्षणाच्या आशेने कोवळ्या वयात आणून आपल्याला वर्षानुवर्षे योग्य वेतनावाचून घरकामाला लावले, असे त्यांचे म्हणणे. २०२४ साली अर्जेंटिनातील सरकारी वकिलांनी ह्या प्रकरणी मानवी तस्करी आणि श्रमशोषणाचे आरोप पुढे आणले. संस्थेने ते सपशेल फेटाळले. निवाडा करणे आमचे काम नाही. पण आमच्या धर्मग्रामातील एक बाई बावधन-भूगावच्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करते. तिला आम्ही हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘फादर, त्या बायकांची भांडी घासणं जर देवाचं काम होतं, तर मोठ्या साहेबांनी पण एक दिवस घासायचं ना?’ काम हीच प्रार्थना, हे तत्त्व ज्या पुस्तकाने जगाला ऐकविले, त्याला ह्याहून नेमका अभिप्राय आमच्या वाचनात आलेला नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२२ साली संस्थेला धर्मगुरूविषयक खात्याच्या देखरेखीखाली आणले आणि तिचा प्रमुख ह्यापुढे बिशप असणार नाही असे ठरविले; २०२३ साली कायद्यातील तिचे स्थान आणखी बदलले. हे बदल वरचे आहेत. खालचे बदल कसे असावेत, हे लंडनचे कार्डिनल बेसिल ह्यूम ह्यांनी १९८१ सालीच लिहून ठेवले होते. अठरा वर्षांच्या आतील कोणाकडूनही दीर्घ बांधिलकी घेऊ नये. तरुणाने आधी आईवडिलांशी बोलावे. येणे-जाणे आणि बाहेरचा मार्गदर्शक निवडणे मोकळे असावे. आणि कार्यक्रम कोणाचा आहे, हे फलकावर स्पष्ट असावे.

तो तरुण परत आला तेव्हा आम्ही त्याला जाऊ नकोस असे म्हटले नाही. कार्डिनलांच्या ह्या चार गोष्टी एका कागदावर मराठीत लिहून दिल्या आणि म्हटले, तेथे गेल्यावर ह्या विचार. आणि तुझ्याशी जो बोलेल, तो तू सांगितलेले आणखी कोणाला सांगतो का, हे पाचवे विचार. कामिनो परत केले, त्यावर ‘स्मृतिचित्रे’ ठेवले. परवा तो मिस्साला भेटला. मुंबईला जाणे अजून झालेले नाही, कारखान्यात पाळी बदलली आहे. लक्ष्मीबाई मात्र त्याच्या आईने आधी पळविल्या, आणि ती रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवून एकटीच हसत बसते, अशी त्याची तक्रार आहे.