विश्वकोश सेनगावात वाचताना

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ साली अंतिम मंजुरी दिली. त्याच जिल्ह्यातल्या सेनगावच्या एखाद्या नववीतल्या मुलीला या लहरींविषयी मराठीत वाचावेसे वाटले, तर तिने काय वाचावे? तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे बहुधा वह्या, कंपासपेट्या आणि गाइडे. उरतो मराठी विश्वकोश. तो आता मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतो. म्हणून तो या मुलीच्या जागी बसून तपासायला हवा.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला हे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली पुरा झाला. रचना अकारविल्हे, त्यामुळे 'गुरुत्वाकर्षण' आरंभीच्या खंडांत आले आणि 'हळद' अगदी शेवटी. (हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याने बरीच वाट पाहिली म्हणायची!) गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या सप्टेंबर २०१५ मध्ये. त्या जुन्या छापील खंडांत शोधणे अन्यायाचे होईल. नव्या नोंदींसाठी मंडळाने पुढे विषयवार ज्ञानमंडळेही नेमली आहेत.

जुनेपणा हा मला मोठा दोष वाटत नाही. न्यूटनचा नियम शिळा होत नाही. भाषा काटेकोर, नोंदीखाली लेखकाचे नाव, संबंधित नोंदींकडे नेणाऱ्या खुणा. शिक्षकाला याहून भरवशाचे साधन मराठीत मिळणे कठीण. नववीच्या मुलीला ही भाषा जड जाईल हे खरे, पण शिक्षक शेजारी बसला तर तेवढे निभावते.

खरी अडचण नोंद संपते तिथे आहे. विज्ञानाच्या नोंदींखाली 'संदर्भ' म्हणून दिलेली पुस्तके बहुतेक इंग्रजी. ती सेनगावात कुठून मिळणार? जिथे गोडी लागली, नेमका तिथेच रस्ता बंद होतो. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' यासारखे पुस्तक तिथे एका ओळीत सुचवता येईल. आधी कोणते प्रकरण वाचावे, कोणते तूर्त सोडले तरी चालेल, हेही सांगता येईल. महाजालावरील आवृत्तीत ही भर घालायला नवा खंड छापावा लागत नाही.

तोवर हे काम शाळेतच करावे लागेल. नोंदीचे नाव, तिला जुळणारे आपल्या कपाटातले पुस्तक आणि पान, एवढे एका कार्डावर लिहून ते कपाटाच्या दारावर बाहेरून लावावे.