बोर्क यांचा ‘ग्राहक’ नेमका कोण?

रॉबर्ट बोर्क यांचं ‘द अँटिट्रस्ट पॅराडॉक्स’ १९७८ सालचं. अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी कायद्याला इतकं वळण देणारं दुसरं पुस्तक आम्हाला तरी माहीत नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हवाला देऊन सांगितलं, की १८९० चा शेर्मन कायदा ‘ग्राहक कल्याणा’साठीच केला गेला. आता गंमत बघा, मूळ कायद्यात ‘ग्राहक’ हा शब्दच नाही!

बोर्क यांची चीड मात्र अगदीच अनाठायी नव्हती. १९६६ मध्ये ‘व्हॉन्स’ आणि ‘शॉपिंग बॅग’ या लॉस एंजेलिसच्या दोन किराणा साखळ्यांचं विलीनीकरण न्यायालयाने बेकायदा ठरवलं. दोघींचा मिळून बाजारातला वाटा किती, तर साडेसात टक्के. काळजी होती ती छोटे दुकानदार संपण्याची. गिऱ्हाइकाचं काय नुकसान होणार, याचा विचार निकालात जवळजवळ नाहीच. तेव्हा बोर्क म्हणाले, कायद्याला एकच उद्दिष्ट ठेवा, ग्राहक कल्याण. कोण नाही म्हणेल?

पण त्यांचं गणित मांडून पाहू. दोन कंपन्या एक झाल्या, भाव वाढला. समजा, गिऱ्हाइकांचे शंभर डॉलर जास्त गेले. बोर्क हे शंभर तोट्यात धरतच नाहीत, कारण ते मालकांकडे गेले आणि मालकही शेवटी ग्राहकच! तोटा फक्त महागाईमुळे जी खरेदी झालीच नाही, तिचा. तो समजा दहा डॉलर. उत्पादन खर्चात बचत झाली वीस. म्हणजे ‘ग्राहक कल्याण’ दहा डॉलरनी वाढलं. आणि गिऱ्हाईक? ते शंभर डॉलर मोजून घरी गेलं.

एकूण संपत्ती वाढवायची आहे, असं सरळ म्हटलं असतं तर आपण वाद घातला असता. इथे पाटी ग्राहकाची आणि हिशेब मालकासकट सगळ्यांचा. पुढे न्यायालयांनी शब्द उचलला, हिशेब मात्र बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या भावाचाच केला. त्यामुळे एकच शब्द वापरून दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी बोलत राहतात.

आणि विकणाऱ्याचं काय? २०२२ मध्ये ‘पेंग्विन रँडम हाउस’ला ‘सायमन अँड शुस्टर’ विकत घ्यायची होती. सरकारचा खटला पुस्तकं महागण्यावर उभा नव्हता. अडीच लाख डॉलर किंवा जास्त आगाऊ रक्कम मिळवणाऱ्या लेखकांचे पैसे घटतील, यावर होता. बोर्क यांच्या वहीत हे पैसे लेखकाच्या खिशातून प्रकाशकाच्या खिशात गेले असते, बस. न्यायालयाने विलीनीकरण रोखलं.